घाट म्हणजे पायऱ्या नव्हेत : ट्रकचालकाला भाषा किती यावी?

मुंबई-गोवा महामार्गावर लोट्याच्या पुढे, परशुराम घाट उतरायच्या आधी, एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारी उभ्या असलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने विचारलं, "भाईसाब, आगे घाट लिखा है. नहाने का इंतजाम होगा क्या?"

मला आधी हसू फुटलं. मग लक्षात आलं, माणूस बलियाकडचा. त्याच्या गावी घाट म्हणजे गंगेच्या पायऱ्या. 'पुढे घाट सुरू' ही पाटी त्याने अक्षर न् अक्षर बरोबर वाचली होती. लिपी तीच, शब्द तोच, फक्त अर्थ पार उलटा. त्याचा या रस्त्यावरचा पहिलाच फेरा होता, मागे भरलेला ट्रेलर होता आणि समोर थेट वाशिष्ठीपर्यंत उतरत जाणारा रस्ता होता. हसू तिथेच विरलं.

ट्रकचालकाला कुठली भाषा यावी आणि किती यावी, हा वाद सध्या अमेरिकेत फार तापला आहे. आपल्याकडच्या बातम्यांत तो 'इंग्रजी येत नाही म्हणून ड्रायव्हरांना घरी बसवलं' एवढाच येतो. मुळात तिथला नियम काय आहे, आपला काय आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावर या सगळ्याचा काय संबंध, ते जरा उलगडून बघू.

अमेरिकेतला नियम नवा नाही, १९३०च्या दशकापासूनचा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या चालकाला इतपत इंग्रजी वाचता-बोलता यावं, की चार कामं अडू नयेत. लोकांशी बोलता यावं, रस्त्यावरच्या पाट्या आणि सिग्नल कळावेत, अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर देता यावं आणि नोंदवहीत नोंदी करता याव्यात. नियम एवढाच. तो कितपत कडक पाळायचा, हे मात्र सरकारागणिक बदलत गेलं. २०१६ साली तपासनिसांना सूचना गेली, की इंग्रजी कमी पडलं तर नियमभंगाची नोंद करा, पण तेवढ्यावरून चालकाला रस्त्यावरून काढू नका. २८ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून हे फिरवलं आणि २५ जून २०२५ पासून नापास चालकाला जागेवरच थांबवणं सुरू झालं. म्हणजे गाडी धडधाकट, कागद पूर्ण, तरी तो चालक ती पुढे नेऊ शकत नाही.

परीक्षा दोन टप्प्यांत होते. आधी तपासनीस इंग्रजीत प्रश्न विचारतो : कुठून आलास, कुठे चाललास, गाडीत काय आहे, कागद कुठे आहेत. इथे दुभाषा नाही, फोनमधलं भाषांतराचं ॲप नाही, लिहून आणलेली चिठ्ठीही नाही. यात पास झाला तर दुसरा टप्पा पाट्यांचा, त्यांचा अर्थ सांगायचा. आणि इथे एक गंमत आहे, जी बातम्यांत सहसा येत नाही. पाटीचा अर्थ चालकाने कुठल्याही भाषेत सांगितला तरी चालतो, फक्त समोरच्या तपासनिसाला ती भाषा कळली पाहिजे. थोडक्यात, बोलणं इंग्रजीतच हवं, पण पाटी कळली की नाही हे स्पॅनिशमध्ये सांगितलं तरी हरकत नाही. नियम करणाऱ्यांनाही कुठेतरी माहीत आहे, की बोलता येणं वेगळं आणि समजणं वेगळं.

ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडात एका ट्रेलरने टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या द्रुतगती मार्गावर, फक्त सरकारी गाड्यांसाठी राखलेल्या जागेतून यू-टर्न घेतला. मागून आलेली मोटार त्यावर आदळली आणि तिघं गेले. नंतर चालकाची भाषाचाचणी घेतली, तेव्हा त्याला तोंडी १२ प्रश्नांपैकी २ आणि ४ पाट्यांपैकी १ एवढंच नीट सांगता आलं, असं तिथल्या परिवहन खात्याने जाहीर केलं. मग वाद पेटला. माझं मत विचाराल, तर भरधाव रस्त्यावर ट्रेलर आडवा घालू नये हे कळायला कुठलीच भाषा लागत नाही. पण त्या जागी उभी असते ती पाटी शब्दांची असते, 'ओन्ली ऑफिशियल यूज' छापाची, आणि ती वाचता आली नाही तर ती मोकळी जागा वळायला सोयीचीच दिसणार, हेही नाकारता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

अमेरिकन पाट्यांत शब्द फार असतात, हे इथे महत्त्वाचं. युरोपने आणि पुढे बऱ्याच जगाने १९६८च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे चित्रांच्या पाट्या घेतल्या. अमेरिका त्या करारात नाही. आपण चित्रवाले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत या पाट्या काढूनच दिल्या आहेत : लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं, निळा चौकोन माहिती देतो. त्रिकोणात उतारावरून निघालेली गाडी दिसली, की मल्याळी असो वा भोजपुरी, उतार आला हे कळतं. कागदावर तरी आपला रस्ता अमेरिकेपेक्षा कमी बोलतो.

कागदावर. आता प्रत्यक्षात या.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, यावर कोकणी माणसाने आणखी काय बोलायचं! पण पाट्यांच्या अंगाने बघा. चौपदरी झालेल्या पक्क्या रस्त्यावरच्या पाट्या चित्रांच्या, तीन भाषांच्या, नीट उभ्या असतात. जिथे खरा धोका, म्हणजे अर्धवट पूल, अचानक संपणारी मार्गिका, रात्रीत बदललेलं वळण, तिथल्या पाट्या तात्पुरत्या असतात. पत्र्यावर रंगवलेल्या, कापडावर छापलेल्या, वाळूच्या गोणीला टेकवलेल्या. कधी नुसत्या मराठीत, तर कधी नुसत्या इंग्रजीत, 'टेक डायव्हर्शन'. चित्र बहुधा नसतंच. जी पाटी सगळ्यांत आधी सगळ्यांना कळायला हवी, तीच सगळ्यांत कमी लोकांना कळते.

आणि मराठी-हिंदीची लिपी एक असल्याने आपण गाफील राहतो. देवनागरी आहे, म्हणजे उत्तरेकडच्याला कळणारच असं आपण धरून चालतो. त्याला वाचता येतं, हे खरं. पण 'दरडप्रवण क्षेत्र' वाचून त्याच्या डोक्यात काय येत असेल? दरड हा शब्द त्याच्या बोलीत नाही, फार तर 'दरार'सारखं काही वाटेल. 'अरुंद पूल' यातला पूल कळतो, अरुंद कळत नाही, त्याचा शब्द 'संकरा'. 'पुढे वळण आहे' मधलं वळण म्हणजे त्याचं 'मोड़'. आणि मोड म्हटलं की आपल्याला मटकी आठवते. 'सावकाश' मध्ये त्याला अवकाश दिसतो, 'धीरे' दिसत नाही. 'अवजड वाहनांना बंदी' यातलं बंदी एकवेळ कळतं, नोटबंदीने तो शब्द देशभर पक्का करून ठेवला, पण अवजड कोण, हे त्या अवजडालाच ठाऊक नसतं. दक्षिणेकडून मासळीसाठी येणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. त्यातल्या कित्येकांना देवनागरी म्हणजे नुसती नक्षी.

गणपतीच्या दिवसांत हे सगळं एकदम वर येतं. दरवर्षी त्या काळात महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. दूध, इंधन, गॅस, औषधं अशांना सूट. अधिसूचना निघते, आपल्या पेपरांत छापून येते, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. राजस्थानातून फरशी भरून निघालेल्याला ती कोण वाचून दाखवणार? तो पनवेलच्या पुढे अडवला की कळतं. मग रस्त्याच्या कडेला दोन-तीन दिवस मुक्काम, आणि त्याच अरुंद कडेवरून चाकरमान्यांच्या गाड्या.

घाटात भाषा का लागते, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल मी शब्दांचा कीस पाडतोय. भरलेला ट्रक उतारावर नुसत्या ब्रेकवर धरला, तर ब्रेकच्या पट्ट्या, म्हणजे लायनर, चाकातल्या ड्रमवर घासत राहतात. ड्रम तापतो, आणि एका मर्यादेपुढे कितीही दाबलं तरी लायनरची पकड लागत नाही. लोक त्याला ब्रेक फेल म्हणतात, पण बहुतेकदा काही तुटलेलं नसतं, सगळं तापलेलं असतं. यावर उपाय जुना आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी मागे ओढून धरतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की ही ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आता हा निर्णय कुठे घ्यायचा? उताराच्या माथ्यावर. अर्ध्या घाटात, वेग धरल्यावर, गिअर खाली पडत नाही. म्हणून माथ्यावरची पाटी महत्त्वाची. बलियाच्या गृहस्थाने ती वाचली ती आंघोळीच्या आशेने. कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली, कोकणातून वर जाणारा आणि वरून कोकणात येणारा ट्रक यातल्या किंवा अशाच एखाद्या माथ्यावर ही पाटी पार करतो.

(कोकण रेल्वेने १९९९ मध्ये यावर फार सुंदर तोडगा काढला होता, भाषेसाठी नव्हे, पण झाला तसा. कोलाडला भरलेला ट्रक गाडीवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. चालक आपल्या केबिनमध्ये झोपलेला. मधल्या घाटांतली एकही पाटी वाचायला नको.)

आता आपला कायदा. पूर्वी मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. जून २०१९ मध्ये केंद्राने ती काढायचं जाहीर केलं. कारण असं, की गरीब घरांतल्या, न शिकलेल्या पण चांगली गाडी मारणाऱ्या मुलांचा रोजगार अडत होता आणि चालकांचा तुटवडा होताच. मला हे पटलं होतं, आजही पटतं. आठवीचं प्रमाणपत्र गाडी चालवत नाही. मात्र त्याच वेळी मंत्रालयाने प्रशिक्षण केंद्रांवर जबाबदारी टाकली : चालकाला पाट्या वाचता आल्या पाहिजेत, नोंदवही ठेवता आली पाहिजे, फेरीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी देता आल्या पाहिजेत, धोका दिसला तर नीट कळवता आला पाहिजे. अमेरिकेतली ती चार कामं आठवा. जवळपास तीच यादी, फक्त इंग्रजी वगळून. अडचण एवढीच, की आठवीची अट कागद बघून तपासता येत होती आणि ही यादी माणूस बघून तपासावी लागते. आपल्याकडे लायसन्स कसं निघतं हे वाचणाऱ्यांना मी काय सांगू.

इथे एक गाठ वेळीच सोडवून ठेवतो. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी सक्तीची करण्याचा प्रयत्न राज्यात झाला होता आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली. तो वाद अस्मितेचा आणि रोजगाराचा होता. सुरक्षेचा प्रश्न वेगळा आहे, आणि दोन्हींची सरमिसळ केली की काय होतं ते अमेरिकेत दिसतंय. खरा प्रश्न 'या माणसाला आपली भाषा येते का' असा नाही. 'या वळणावर, या मालासकट, याला जे कळायला हवं ते कळतंय का' असा आहे.

मालासकट म्हटलं, कारण आपल्या कायद्यात ट्रकचालकासाठी भाषेची स्पष्ट अट एकाच ठिकाणी आहे, आणि ती बरोबर जागी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवी. शिवाय तीन दिवसांचा खास अभ्यासक्रम आणि लायसन्सवर तशी नोंद. कोकणात हा नियम पुस्तकातला राहत नाही. रसायनी, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, सगळा रासायनिक उद्योग या एका महामार्गाच्या आसपास बसलाय. शाळेच्या रिक्षाच्या पुढे ॲसिडचा टँकर आणि मागे गॅसचा, हे आमचं रोजचं दृश्य.

अशा टँकरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं. माल कोणता, सांडला तर काय करायचं, आग लागली तर काय करायचं नाही, अंगावर उडाला तर काय, हे सगळं त्यावर. मी अशा एका चालकाला विनंती करून त्याचं कार्ड बघितलं. चकाचक लॅमिनेट केलेलं, बारीक टायपातलं इंग्रजी. मी विचारलं, "पढ़ा है कभी?" तो ओशाळला नाही. कार्ड उलटं केलं. मागे पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला होता आणि त्यावर बॉलपेनने हिंदीत चार ओळी : पानी नहीं डालना. हवा की उल्टी दिशा. सेठ का नंबर. कंपनी का नंबर. कुणाकडून लिहून घेतलं? "बड़े भाई से. वो भी टैंकर चलाते थे."

युरोपात याच कागदाबद्दल नियम असा आहे, की धोकादायक मालाच्या लेखी सूचना चालकाला वाचता आणि समजता येतील अशा भाषेत, प्रवास सुरू होण्याआधी, वाहतूकदारानेच द्यायच्या. म्हणजे पोलिश चालक असेल तर पोलिशमध्ये. भाषेचं ओझं तिथे चालकाच्या डोक्यावर नाही, वाहतूकदाराच्या डोक्यावर आहे. आपल्या नियमांतही याचा अर्धा भाग आहे बरं का. नियम १३२ प्रमाणे मालकाने चालकाला लेखी माहिती द्यायची आणि त्याला मालाचं स्वरूप, धोका पुरेसा कळलाय, वेळ आली तर तो योग्य ते करू शकेल, याची खात्री करून घ्यायची. खात्री कशी करायची, हे मालकाच्या सदसद्विवेकावर. एका बाजूला चालकाने इंग्रजी शिकावं आणि दुसऱ्या बाजूला मालकाने हिंदीत एक पान छापावं, यातलं स्वस्त काय आणि आजच्या आज होण्यासारखं काय, हे सांगायला तज्ज्ञ नको. माझा कल अर्थातच छापण्याकडे आहे. चार ओळी भाऊ लिहून देऊ शकतो, तर कंपनी का नाही?

पण कार्ड केबिनमध्ये असतं आणि केबिन नेहमीच हाती लागतं असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला. चालक त्यातच गेला. महामार्ग बराच काळ बंद ठेवावा लागला. अशा वेळी मालाबद्दल बोलायला फक्त टँकरच उरतो. त्यासाठी धोकादायक मालाच्या प्रत्येक गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीचा एक चौकट-फलक रंगवलेला असतो. तो इंग्रजीत असतो खरा, पण त्यातला सर्वांत उपयोगी भाग शब्दांत नाही, आकड्यांत आहे. तो चार अंकी क्रमांक संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, जगभर एकच. १०७५ म्हणजे एलपीजी. १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल. १०१७ क्लोरीन. १८३० सल्फ्युरिक ॲसिड आणि त्याच्या शेजारचा १८३१ म्हणजे ओलियम, जो सांडला आणि गावकऱ्यांनी भाबडेपणाने घागरीने पाणी ओतलं, तर उकळून आम्लाची वाफ उठवतो.

त्याच फलकावर एक छोटा संकेत असतो, एक आकडा आणि एक-दोन इंग्रजी अक्षरं. सुरुवातीचा आकडा आग विझवायला काय वापरायचं ते अग्निशामकवाल्यांना सांगतो : १ किंवा २ असेल तर पाण्याचा फवारा, ३ असेल तर फेस, ४ असेल तर कोरडं काहीतरी, पाणी अजिबात नको. शेवटी 'ई' असेल तर आसपासच्या माणसांना हलवायचा विचार करा. एलपीजीच्या टँकरवर ते 'ई' असतंच. तो वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, नाल्यात, वहाळात, घराच्या पडवीत जाऊन बसतो. क्लोरीनही जड. म्हणून उताराकडे पळायचं नाही, चढाकडे पळायचं, वारा पाठीवर नव्हे तर तोंडावर येईल अशा बाजूने. कोकणात घरं नेमकी रस्त्याच्या खालच्या अंगाला असतात.

आमच्याकडे दापोली-गुहागरपासून खाली रत्नागिरीपर्यंत, घराआड एक माणूस जहाजावर आहे. त्यांना विचारा, जहाजावर फिलिपिनो, युक्रेनी, मंगळूरचा, रत्नागिरीचा एकत्र कसे काम करतात. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरावीक वाक्यांचा संच मान्य केला. इंग्रजीच, पण मोजकं, ठोकळ्यासारखं, ज्यात गैरसमजाला जागा नाही. आकडा सांगायचा तर एकशे पन्नास म्हणायचं नाही. एक, पाच, शून्य असं सुटं सुटं म्हणायचं. समुद्राने जे मान्य केलं ते रस्त्याने अजून केलेलं नाही. ट्रकचालकांसाठी अशी पन्नास वाक्यं हिंदीत ठरवली, घाट, दरड, अरुंद, अवजड यांची बोळवण एकदाची चित्रांत केली आणि तात्पुरत्या पाटीवर चित्र नसेल तर ठेकेदाराचं बिल अडवलं, तरी बराच रस्ता मोकळा होईल.

तोवर, समोर टँकर कलंडलेला दिसला तर लांबूनच, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून तो चार अंकी आकडा वाचायचा. जवळ जायचं नाही, फोन करायचा तोही वारा तोंडावर येईल अशा बाजूला लांब हटल्यावर. ११२ ला सांगताना 'वडाच्या पुढच्या वळणावर' हे आपल्याला कळतं, पलीकडच्याला कळत नाही. पुलाचं किंवा फाट्याचं नाव आणि कडेच्या दगडावरचा किलोमीटर सांगायचा. आणि आकडा जहाजावरच्यांसारखा. एक, शून्य, सात, पाच.